एल्डरबीचा गुरुवार

मी इंग्लंडमधल्या एल्डरबीला कधीही गेलेले नाही. तरी त्या गावात बसमधून उतरल्यावर डाव्या हाताला काय लागतं, चर्चच्या मनोऱ्यावर जायच्या पायऱ्या कुठल्या दारातून सुरू होतात आणि चहा त्यातल्या त्यात बरा कुठे मिळतो, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. कुवेतमधल्या कितीतरी कुटुंबांना मी त्या गावी पाठवलं आहे. ती मंडळी परत आली की विचारतात, "उम्म रोहन, तुम्ही तिथे किती वर्षं होतात?" मी नुसती हसते. इकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे. रोहन कॅनडात जाऊन स्थायिक झाला, मी मात्र इथे अजून रोहनची आईच आहे.

कुवेतच्या सालमिया भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी एकतीस वर्षं खुर्ची झिजवली. या वर्षअखेरीला ती सोडते आहे. "आता तिकिटं मोबाईलवर निघतात, मग तुम्ही दिवसभर करता काय?" असं गावाकडे गेले की हमखास विचारलं जातं. त्यांचं चुकत नाही. तिकीट हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग. उन्हाळ्यात कुवेती कुटुंब इंग्लंडला निघतं तेव्हा आजी, नातवंडं, मोलकरणी आणि ड्रायव्हर धरून अकरा माणसं असतात. आजीला विमानात कडेची जागा हवी, पण सुनेच्या शेजारची नको. मोलकरणींच्या व्हिशाचं रामायण वेगळं. घरात दोन फ्रिज हवेत, हलाल मटणाचं दुकान चालत जाण्यासारखं हवं, आणि नमाजासाठी किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, कुठल्या भिंतीकडे येतो ते निघण्याआधी कळायला हवं. एका साहेबांनी आपल्या ससाण्यासाठी स्वतंत्र खोली मागितली होती. इंग्लंडमधल्या हॉटेलवाल्याने मला फोनवर तीनदा विचारून खात्री करून घेतली की ससाणा हा पक्षीच ना. आणि एक बाई तर परत आल्यावर भांडायलाच आल्या, की तीन आठवड्यांत तिथे पावसाचा थेंब पडला नाही. "ऊन बघायला गेले होते का मी?" मी माफी मागितली. पन्नास डिग्रीतून उठून गेलेल्या माणसाला उन्हाचं कौतुक कुठून असणार?

एल्डरबी माझ्या हाती लागलं ते अशाच एका गिऱ्हाइकामुळे. "लंडनमध्ये कुवेतपेक्षा जास्त कुवेती भेटतात. कुणी ओळखीचं भेटणार नाही असं छोटं गाव दे," असं त्यांनी सांगितलं. मी नकाशावर शोधायला बसले. गावाचं पूर्ण नाव मार्केट एल्डरबी. नावातच बाजार दिसल्यावर माझं बोट तिथून हलेना.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं, बाजाराचं गाव. मंगळवारी बाजार भरायचा. पेठेत वडिलांचं कापडाचं दुकान होतं. सोमवारपर्यंत पेंगणारं गाव मंगळवारी पहाटे अंगात आल्यासारखं उठायचं. बैलगाड्या, टेंपो, मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या पाट्या, शेळ्या, भेळवाला, सगळं एका दिवसात यायचं आणि दिवेलागणीला पुसल्यासारखं जायचं. वडील म्हणायचे, "गाव बघायचं तर बाजाराच्या दिवशी. बाकीचे दिवस नुसत्या भिंती." हे वाक्य मी शिदोरीसारखं कुवेतला आणलं आणि वर्षानुवर्षं धंद्यात वापरलं. पुढे ते अंगाशी कसं आलं, तेच सांगायचं आहे.

एल्डरबीच्या माहिती केंद्रात डोरीन नावाच्या बाई बसतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, आता गावासाठी फुकट काम करणाऱ्या. आवाज खणखणीत. मी पहिल्यांदा फोन करून विचारलं की तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, तर म्हणाल्या, "वेळ किती आहे तुमच्याकडे?" आमचे केरळी साहेब समोरून घड्याळाकडे बघत होते. मी म्हटलं, भरपूर आहे.

त्यांनी सांगितलं की जुन्या काळी मनात आलं म्हणून कुठल्याही गावाला बाजार भरवता येत नसे. राजाची सनद लागायची. वारही ठरवून मिळायचा. एल्डरबीला गुरुवार मिळाला, तो आजपर्यंत चालू आहे. मी म्हटलं, आमच्याकडेही पेठ वसवायला सनद लागायची आणि शेटे-महाजन नेमायचे. "महाजन म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. झालं, पुढची वीस मिनिटं साहेबांचं घड्याळ एकीकडे आणि आम्ही दोघी दुसरीकडे. दोन बाजार एकमेकांच्या फार जवळ असून चालत नसे, कारण आजूबाजूच्या शेतकऱ्याने चालत यावं, माल विकावा आणि उजेडात घरी पोचावं असा हिशेब होता. चौकाच्या मधोमध दगडी छत्री आहे. आठ खांब, वर छप्पर, भोवती गोल पायऱ्या. शेतकऱ्यांच्या बायका तिथे सावलीला लोणी आणि अंडी घेऊन बसायच्या, म्हणून तिला लोण्याची छत्री म्हणतात. चर्च गावाच्या मानाने अवाढव्य, कारण ते लोकरीच्या व्यापाऱ्यांनी बांधलं. पैसा झाला की देवाला मोठं घर बांधायचं, ही खोड सगळीकडची. जुन्या खानावळीची कमान उंच आहे, घोडागाडी टपावरच्या उतारूंसकट आत जावी म्हणून. चौकातून निघणारे अरुंद बोळ मागच्या नदीपर्यंत जातात. गावाबाहेर किल्ल्याची टेकडी आहे, किल्ला नाही. दगड गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले. "हेही अगदी आमच्यासारखंच," मी म्हटलं. त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी मला जुनी कोठडी आता संग्रहालय कशी झाली आणि तिथे धान्याची सरकारी मापं कशी ठेवली आहेत तेही सांगून टाकलं.

या सगळ्यावरून मी चार पानांचं माहितीपत्रक लिहिलं. आमच्या ऑफिसातल्या इजिप्शियन बाईंनी त्याचं अरबी केलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'एल्डरबीला गुरुवारीच जा.' आणि शेवटचं, 'रविवार टाळा, बघण्यासारखं काही उघडं नसतं.' या दोन वाक्यांचा मला फार अभिमान होता. न पाहिलेल्या गावाची नाडी मी बरोबर पकडली असं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये हेसा नावाची बाई ते पत्रक हातात घेऊनच आली. पन्नाशीची, शाळेत विज्ञान शिकवणारी. खुर्चीवर बसायच्या आधी तिने छत्रीच्या फोटोवर बोट ठेवलं. "माझे वडील या गावात शिकले," ती म्हणाली.

तिचे वडील अबू नासेर. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी सरकारने त्यांना टेलिफोनचं काम शिकायला इंग्लंडला पाठवलं होतं. बरोबरीची मुलं मोठ्या शहरांत गेली आणि हे एकटे एल्डरबीच्या तंत्रशाळेत पडले. दोन वर्षं काढली, परत आले आणि पुढे मोठे इंजिनीअर झाले. आता त्यांची आठवण विरत चालली होती. आधी फोन नंबर गेले, मग नातवंडांची नावं, मग मुलांची.

"रोज दुपारी चार वाजले की उठतात," हेसा म्हणाली. "दाराशी जाऊन उभे राहतात. म्हणतात, मला जायचंय, उशीर होतोय. कुठे जायचंय विचारलं तर आठ खांब म्हणतात, चर्चची घंटा म्हणतात. दार लावून घेतलं तर रडतात. माझा बाप, उम्म रोहन! मी त्यांना आयुष्यात कधी रडताना पाहिलं नव्हतं."

तिच्या मनाने घेतलं होतं की बापाला एकदा एल्डरबीला नेऊन आणलं की त्यांचा जीव शांत होईल. डॉक्टर म्हणाले होते की नवी जागा कदाचित सोसणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी खरं तर दोन दिवस विचार करायला हवा होता. पण गाव माझं होतं ना! मी म्हटलं, "हेसा, काळजी करू नकोस. त्यांना त्यांचं गाव जसंच्या तसं दाखवते."

जाणारे पाच जण. अबू नासेर, हेसा, तिचा भाऊ, भावजय आणि महादेव. महादेव कुडाळकडचा. वीसेक वर्षांपूर्वी त्या घरात ड्रायव्हर म्हणून आला आणि म्हाताऱ्याचं चालणं-बोलणं मंदावलं तसा हळूहळू त्यांचाच होऊन गेला. आंघोळ, जेवण, औषध, सगळं तो बघायचा. व्हिशाच्या कागदांसाठी आला तेव्हा मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. "ताईनू, मिया लंडनाक जातंय म्हटल्यार घरची माणसां इस्वासच ठेवणत नाय," तो म्हणाला. मी त्याला माझा नंबर दिला आणि काही अडलं तर फोन कर म्हणून सांगितलं.

कार्यक्रम मी मोठ्या हौसेने आखला. बुधवारी पोचायचं, गुरुवारी बाजार, शुक्रवारी चर्च आणि नदी, शनिवारी परतीचं विमान. रविवार अर्थातच टाळला.

गुरुवारी दुपारी मी डबा उघडला तेवढ्यात महादेवचा फोन आला.

"ताईनू, हय काय खरां नाय. चौकात ही गर्दी! मोबाईलची कव्हरां इकतत, चादरी इकतत, एक जण तर बिर्याणी इकता. म्हातारो माझो हात सोडणा नाय. माका म्हणता, माका खय आणलंस?"

मागून लाउडस्पीकर, गर्दी आणि हेसाचा आवाज येत होता. मग तिनेच फोन घेतला. "त्यांनी छत्रीकडे बघितलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "हे गाव मी कधी पाहिलेलं नाही म्हणतात. आम्ही उद्याच परत येतो. माझीच चूक झाली."

तिची चूक नव्हती. पण माझी कुठली, ते मला कळेना. डबा तसाच ठेवून मी डोरीनबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "तंत्रशाळेत होते ना? मग गुरुवारी ते चौकात कसे असतील? माझा भाऊ त्याच शाळेत होता. गुरुवारी पाचपर्यंत वर्ग असायचे. मुलं सुटेपर्यंत चौक झाडून झालेला असायचा. त्यांना मोकळा वार एकच, रविवार. आणि त्या काळी रविवारी आमच्या गावात आपल्याच बुटांचा आवाज आपल्याला ऐकू यायचा."

मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. माझ्या वडिलांचा मंगळवार मी अबू नासेरच्या गळ्यात बांधला होता. ज्याचं बाजारात दुकान, त्याला बाजाराचा दिवस म्हणजे गाव. ज्याचं त्या गावात कुणीच नाही, त्याच्या वाट्याला येतात ते बाकीचे दिवस, त्या नुसत्या भिंती. आणि हे मला कुणी दुसऱ्याने सांगावं? लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मला हे शहर शुक्रवारच्या, सुट्टीच्या दुपारचंच माहीत होतं. यांची रिफायनरीत शिफ्ट असायची, दुकानांची शटरं खाली, आणि मी त्या रिकाम्या रस्त्यावरून उगीच एक फेरी मारून यायचे. इतरांना गावं दाखवणाऱ्या बाईला स्वतःचं पहिलं गाव आठवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हेसाला फोन करून मी चूक कबूल केली. "परत येऊ नकोस. रविवारपर्यंत थांब," मी म्हटलं. तिने फोन बाजूला धरून भावाला विचारलं. मग म्हणाली, "जागा मिळवून दे, थांबते."

ऑगस्टचा महिना, विमानं गच्च. साहेब म्हणाले, "येऊ द्या ना त्यांना ठरल्या दिवशी, आपलं काम झालं." पण हट्टाला पेटले की मी ऐकत नाही. पाच जणांचं बुकिंग एकत्र असलं की संगणक पाच जागा एकत्रच शोधतो आणि नाही म्हणून सांगतो. ते फोडावं लागतं. मी तीन आणि दोन असं फोडलं, त्यातल्या तिघांना एका विमानात आणि दोघांना दुसऱ्या गावावरून वळसा घालून बसवलं. बाहेरच्यांना यात काही विशेष वाटणार नाही. आम्ही मात्र असं एखादं काम जमलं की दिवसभर शेफारून हिंडतो.

रविवारी दुपारी फोन वाजला. महादेव ओरडतच होता. "ताईनू, सोडल्यान! हात सोडल्यान! आपलो आपण चलत गेलो आणि छत्रीच्या तिसऱ्या पायरेर जावन बसलो. वारो लागणा नाय थंय, बरोबर आडोशाक!"

पुढचं मला हेसाने संध्याकाळी सांगितलं. चौकात चिटपाखरू नव्हतं. ती वडिलांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं, पण मुलगी म्हणून ओळखलं नाही. परदेशात आपल्यासारखाच एखादा चेहरा दिसावा तसं बघितलं आणि विचारलं, "तूही लांबून आलीस?" ती हो म्हणाली. त्यांनी तिचा हात थोपटला. "सवय होईल," ते म्हणाले. थोड्या वेळाने घंटा झाली, ती संपेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "मला अजून झाली नाही."

हेसा रडत होती आणि हसतही होती. त्यांनी गाव ओळखलं होतं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिठाई वाटली. माहितीपत्रकातलं शेवटचं वाक्य खोडलं आणि हे रामायण भेटेल त्याला सांगितलं. अबू नासेर जे बोलले ते मात्र नीट ऐकलं नाही. गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकायचं, याचीच भाकरी मी खात होते, आणि नेमकं तेव्हा माझे कान माझ्या कौतुकाने भरले होते.

कुवेतला परत आल्यावर अबू नासेर शांत होतील असं आम्हाला वाटलं. झालं उलटंच. आता ते चार वाजता उठत ते हातात बॅग घेऊन. एल्डरबीत घेतलेला लोकरी कोट भर ऑगस्टमध्ये पायघोळ दिशदाशावर चढवत. आठ खांब नाही, घंटा नाही, एकच बोलणं. कोर्स संपला, मला जाऊ द्या. हेसा म्हणायची, "यूबा, आपण कुवेतमध्येच आहोत, हे आपलंच घर." यावर ते चिडायचे. मला फसवू नका म्हणायचे. एकदा तर तिचा हात झिडकारून ते दारातच पडले. दोन टाके पडले. "मी नेलं म्हणून हे झालं," हेसा फोनवर म्हणाली. "आता घराला कुलूप लावून बसवायचं का त्यांना?"

त्या फोनवर मला त्यांचं ते वाक्य आठवलं. मला अजून झाली नाही. त्यांना एल्डरबीला जायचं नव्हतंच कधी. मनाने ते कित्येक महिने एल्डरबीतच होते, एकोणीस वर्षांचे, त्या पायरीवर बसलेले, आणि तिथून घरी जायला निघत होते. आम्ही सगळ्यांनी मिळून, जागांची फोडाफोड करून, त्यांना नेमकं तिथेच नेऊन बसवलं होतं जिथून त्यांना सुटायचं होतं.

घर तरी कुठलं? आत्ताचा बंगला पंधरा वर्षांपूर्वी नव्या वस्तीत बांधलेला. ते वाढले ते बनेद अल-गारला, समुद्राजवळच्या घरात. ते घर केव्हाच पाडून तिथे उंच इमारत झाली आहे.

मी हेसाला म्हटलं, "त्यांना माझ्या ऑफिसात घेऊन ये. सांग, तिकीट तिथे मिळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते आले. कोट घातलेला, कपाळावर पट्टी. महादेवच्या हातात बॅग. हेसा दाराशीच थांबली. अबू नासेर माझ्यासमोर ताठ बसले आणि शाळेत शिकल्यासारख्या जपून बोललेल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, माझा कोर्स संपला. मला घरी जायचं आहे. कुवेतला."

आमच्या धंद्यात खोटं तिकीट ही गोष्ट सर्रास चालते. व्हिशासाठी दाखवायला नुसता कागद काढून द्या म्हणून लोक येतात. मी तोवर तो कधी कुणालाही दिला नव्हता आणि देणाऱ्या दोघांना ऑफिसातून घालवायला लावलं होतं. माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदावर विमान असतंच, असा माझा लौकिक. त्या दिवशी मी कीबोर्ड पुढे ओढला आणि विचारलं, "सामान किती?"

"एक बॅग."

"खिडकी की कडेची जागा?"

"खिडकी," ते म्हणाले. "समुद्र दिसला पाहिजे."

मार्केट एल्डरबी ते कुवेत, फक्त जाण्याचं, जागा पक्की. मी कागद छापला, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो तीनदा वाचला. त्यांचे खांदे खाली आले. हेसाने तोंड भिंतीकडे फिरवलं. साहेब काचेच्या खोलीतून सगळं बघत होते, पण त्या दिवशी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग मी पर्स उचलली आणि त्यांच्याबरोबर गाडीत जाऊन बसले. उतारूला सोडायला मी त्याआधी कधी गेले नव्हते. महादेवने गाडी गल्फ रोडला घातली. उजव्या हाताला समुद्र, त्या खिडकीशी ते. हेसा त्यांच्या शेजारी. थोड्या वेळाने ते आपणहून बोलायला लागले, पण अरबीत. एल्डरबीत ते मिसेस हार्पर नावाच्या बाईंच्या घरी राहत. बाईंनी दोन वर्षं डुकराचं मांस घरात आणलं नाही. रमजानमध्ये त्या पहाटे उठून अबू नासेरसाठी अंडी उकडायच्या, आणि मोजा फाटला तर न विचारता शिवून ठेवायच्या. हेसाने यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं.

बनेद अल-गारला गाडी थांबली. भरती होती. उन्हाने डोळे दिपत होते आणि खाऱ्या वाऱ्याचा वास गाडीचं दार उघडताच आत आला. अबू नासेर उतरले, कठड्यापर्यंत गेले, उभे राहिले. त्यांनी स्वतःच कोट काढून महादेवच्या हातात दिला.

"वसल्ना," ते म्हणाले. पोचलो.

हेसा त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. नाव काही घेतलं नाही. "भूक लागली," म्हणाले. "घरी काय केलंय?"

"मासे," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि तिचा हात धरला.

गाडीत बसताना त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी त्यांच्या लेखी एल्डरबीची तिकीटवाली बाई. परत इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही आता माघारी जाल ना? मिसेस हार्परना सांगा, मी सुखरूप पोचलो. त्या काळजी करत बसतील. निघताना मी त्यांना नीट सांगितलं नाही."

मी सांगते म्हटलं.

त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि चार वाजता उठले नाहीत. हा काही चमत्कार नव्हे. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बॅग निघायची, मग महादेव त्यांना माझ्याकडे आणायचा. मी तिकीट काढायचे, ते समुद्राच्या रस्त्याने घरी जायचे आणि जेवायचे. दाराला कुलूप मात्र लागलं नाही. अशी मी त्यांची चौदा तिकिटं काढली. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस ते वारले. नंतर हेसा भेटायला आली तेव्हा तिने ते सगळे कागद जपून ठेवलेले दाखवले. एवढ्या वर्षांत काढलेल्या खऱ्या तिकिटांपैकी एकही कुणी असं ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

पण निरोप राहिला होता. मिसेस हार्परना. त्या पहिल्या दिवशीच, गल्फ रोडवरून टॅक्सीने परत आल्यावर, मी डोरीनबाईंना फोन केला आणि जे घडलं ते सांगितलं. नाव ऐकून त्या म्हणाल्या, "हार्पर आमच्याच बोळात राहायची. चाळीस वर्षं झाली तिला जाऊन. चर्चच्या मागे, दफनभूमीत आहे ती, भिंतीलगत."

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, बरं, राहू दे तर मग.

"राहू दे कशाला?" डोरीनबाई म्हणाल्या. "रविवारी मी जाणारच आहे तिकडे."

सोमवारी सकाळी ऑफिसात आले तर त्यांची ईमेल येऊन पडली होती. नेहमी पानभर लिहिणाऱ्या बाईंनी त्या दिवशी एकच शब्द लिहिला होता. सांगितलं.